हनिमूनला ऑस्ट्रेलिया: आधी मुहूर्त बघा, मग बीच

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. मेसेजमध्ये हा प्रश्न सारखा येतो, कधी लाजत, कधी थेट: "आम्ही दोघं, नऊ दिवसांची सुट्टी, साडेतीन लाखांच्या आत, समुद्र हवा आणि ऑस्ट्रेलियाच हवं. कुठं जाऊ?"

यावर माझा उलटा प्रश्न असतो, लग्न कधी आहे? बजेट किती, हॉटेल कोणतं, हे सगळं नंतर. कारण ऑस्ट्रेलियात चुकीचा बीच असा फारसा नसतोच, चुकीचा महिना असतो. एकाच किनाऱ्यावर जूनमध्ये स्वर्ग आणि जानेवारीत पाण्यात पाय टाकायची भीती, असं तिथं खरंच होतं.

दोन गोष्टी आधी डोक्यात बसवून घ्या. पहिली म्हणजे हा देश नाही, खंड आहे. पर्थहून सिडनीला विमानानं चार तासांच्या वर लागतात. त्यामुळे "सिडनी, मेलबर्न, केर्न्स, गोल्ड कोस्ट, नऊ दिवसांत" अशी जी पॅकेजं इन्स्टाग्रामवर फिरतात ना, त्यात तुमचा हनिमून विमानतळावरच्या खुर्च्यांवर होतो. आणि प्रत्येक उड्डाणाचे, प्रत्येक बॅगेचे पैसे वेगळे. कमी बजेटचा पहिला नियम हाच की एक तळ, फार तर दोन.

दुसरी गोष्ट, ऋतू उलटे. आपल्याकडे थंडी, तेव्हा तिथं उन्हाळा. हे शाळेत शिकलेलं असतं, पण तिकीट काढताना विसरायला होतं. आणि देशाचा उत्तर भाग उष्ण कटिबंधात येतो. तिथं उन्हाळा-हिवाळा नाही, आपल्यासारखा पावसाळा आणि कोरडा काळ असतो.

आता हे आपल्या मुहूर्तांवर ठेवून बघू.

आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की बाकीच्यांची लागायला सुरुवात होते. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मग एप्रिल-मेचा दुसरा हंगाम. म्हणजे आपली बरीचशी जोडपी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत निघतात. आणि गुगलवर "ऑस्ट्रेलिया बीच हनिमून" टाकलं की सगळ्यात आधी काय दिसतं? ग्रेट बॅरियर रीफ, केर्न्स, व्हाइटहेवन बीच. नेमकी तीच ठिकाणं या महिन्यांत टाळायची असतात.

का? नोव्हेंबर ते मे हा उत्तर क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर स्टिंगरचा काळ. स्टिंगर म्हणजे विषारी जेलीफिश. बॉक्स जेलीफिशचा डंख जीवघेणा ठरू शकतो. इरुकांजी नावाचा प्रकार तर नखाएवढा असतो, पाण्यात दिसतही नाही. तिथले लोक या काळात जाळी लावलेल्या भागातच पोहतात, अंगभर लायक्राचा सूट घालतात. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, डंखावर ओतायला. शिवाय पाऊस. केर्न्सला जानेवारी ते मार्च दर महिन्याला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे ऐन श्रावणात कोकणात हनिमूनला गेल्यासारखं. हिरवंगार, सुंदर, पण समुद्र विसरा. त्यात चक्रीवादळं. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर चक्रीवादळानंतर एवढा पाऊस झाला की केर्न्सच्या विमानतळावर पाणी आलं आणि विमानं बंद पडली.

मग स्वस्त पॅकेज नेमकं जानेवारीतल्या केर्न्सचं का मिळतं, हे वेगळं सांगायला नको.

मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये निघणार असाल तर चित्र पूर्ण उलटं. तेव्हा केर्न्सच काय, सगळी उत्तर बाजू छान असते. आकाश निळं, हवा कोरडी, स्टिंगर गेलेले. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गेलात तर आणखी बरं. फक्त एक लक्षात ठेवा, केर्न्स शहराला पोहण्यासारखा वाळूचा किनाराच नाही! समोर चिखलाचा पट्टा आहे. त्यांनी तिथं एक मोठा कृत्रिम तलाव बांधलाय, लगून म्हणतात, फुकट आहे आणि मस्त आहे. पण "समुद्रासमोरची रूम" म्हणून केर्न्सच्या मध्यात हॉटेल घेतलं तर सकाळी ओहोटीला खिडकीतून चिखल दिसेल. खरे किनारे उत्तरेला, ट्रिनिटी बीच आणि पाम कोव्ह. तिथं शहरातून साधी बस जाते. नदीच्या मुखाशी, खाडीत मात्र उतरायचं नाही, तिथं मगरी असतात. पाट्या लावलेल्या असतात, त्या शोभेच्या नाहीत.

याच भागातलं माझं आवडतं स्वस्त उत्तर म्हणजे मॅग्नेटिक आयलंड. टाउन्सव्हिलहून फेरीनं वीस-पंचवीस मिनिटं. बेटावर बस फिरते, छोटे छोटे उपसागर आहेत आणि फोर्ट्स वॉक नावाच्या पायवाटेवर झाडात झोपलेले कोआला दिसतात, तिकीट न काढता. हॅमिल्टन आयलंडचे फोटो जास्त देखणे असतात हे मान्य, पण तिथल्या एका रात्रीच्या पैशात इथं दोन-तीन रात्री निघतील.

बरं, आता बहुसंख्यांकडे वळू. नोव्हेंबर ते फेब्रुवारीवाले.

तुमच्यासाठी माझं पहिलं उत्तर गोल्ड कोस्ट. आता काहीजण नाक मुरडतील, "ते तर उंच इमारतींचं शहर आहे." आहे. पण त्याच इमारतींमुळे तिथं खोल्या भरपूर आहेत, आणि खोल्या भरपूर म्हणजे भाव आटोक्यात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. क्वीन्सलँड सरकारनं ऑगस्ट २०२४ पासून सार्वजनिक वाहतुकीचं भाडं ५० सेंट केलं आणि पुढे तेच कायम ठेवलं. पन्नास सेंट! आपले तीसेक रुपये. ब्रिस्बेन शहरातून ट्रेन पकडा, हेलेन्सव्हेलला उतरा, ट्रॅममध्ये बसा, सर्फर्स पॅराडाइजला समुद्रासमोर उतरा. गाडी भाड्यानं घ्यायची गरजच पडत नाही, म्हणजे भाडं, पेट्रोल, पार्किंग, डिपॉझिट सगळं वाचलं. फक्त ब्रिस्बेन विमानतळावरून सुटणारी ट्रेन खासगी कंपनीची आहे, तिला हा ५० सेंटचा दर नाही. ते वेगळे पैसे धरा. आणि दोघांनी दोन वेगळी कार्डं टॅप करायची, एकाच कार्डावर दोघं चालत नाहीत.

गोल्ड कोस्टमध्ये राहायचं कुठं? सर्फर्स पॅराडाइज हे नाव सगळ्यांना माहीत असतं. पण तिथं दुपारनंतर उंच इमारतींची सावली थेट वाळूवर पडते, ऊन पळतं. मी म्हणेन, दक्षिणेला सरका. बर्ली हेड्सला झाडीनं भरलेली टेकडी थेट समुद्रात घुसलीय, तिच्यावरून फिरायला पैसे लागत नाहीत. त्याहून खाली कूलंगाटा. इथले ग्रीनमाउंट आणि रेनबो बे हे किनारे भूशिराच्या आडोशाला आहेत, त्यामुळे लाटा तुलनेनं शांत. संध्याकाळी पाण्यापलीकडे दूरवर सर्फर्सच्या इमारतींचे दिवे लागतात, ते बघत बसायचं.

कूलंगाटाची एक गंमत सांगते. राज्याची हद्द तिथं रस्त्यातच आहे. अलीकडे क्वीन्सलँड, पलीकडे न्यू साउथ वेल्स. न्यू साउथ वेल्स उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, क्वीन्सलँड करत नाही. म्हणजे आइस्क्रीम खायला रस्ता ओलांडला की तुमच्या फोनमधली वेळ एक तासानं उडी मारू शकते. परतीच्या विमानाचा अलार्म लावताना हे आठवा.

आणि एक तारीख सांभाळा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत गोल्ड कोस्टवर स्कूलीज असतं. बारावी संपलेली हजारो मुलं सुटीला येतात, रात्रभर धिंगाणा चालतो, मुख्यतः सर्फर्स पॅराडाइजमध्ये. आपले पहिले मुहूर्त नेमके याच सुमारास! तेव्हा जाणार असाल तर कूलंगाटा किंवा थेट वर सनशाइन कोस्टला नूसा. नूसाचा मुख्य किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, वाऱ्यापासून झाकलेला. ब्रिस्बेनहून ट्रेन आणि बसनं पोहोचायला अर्धा दिवस जातो, पण भाडं तेच सेंटांत. समुद्रासमोरची हेस्टिंग्ज स्ट्रीट महाग आहे, नदीकाठचं नूसाव्हिल त्यामानानं बरं.

ख्रिसमसपासून जानेवारी संपेपर्यंत मात्र कुठंच स्वस्त नाही. शाळांना सुट्टी, अख्खा देश किनाऱ्यावर. तुमचं लग्न डिसेंबरअखेर असेल आणि ऑफिस ऐकत असेल, तर हनिमून फेब्रुवारीत ढकला. मुलं शाळेत, पाणी कोमट, खोल्यांचे भाव खाली. सासूबाई विचारतील "लगेच का नाही जात?" त्यांना हा भाग ऐकवा.

दुसरं उत्तर पर्थ. हे आपल्याकडे कुणी सुचवत नाही, आणि मला ते कळत नाही. नकाशात बघा, पर्थ आपल्याला सगळ्यात जवळ. सिंगापूरहून सिडनीला साधारण आठ तास, पर्थला पाचच. त्यामुळे तिकीट बरेचदा स्वस्त पडतं आणि वेळेचा फरक फक्त अडीच तासांचा, म्हणजे जेट लॅगमध्ये दोन दिवस जात नाहीत. नोव्हेंबर ते मार्च तिथं पाऊस जवळजवळ नसतो. कॉट्सलो बीचला शहरातून लोकल ट्रेन जाते, स्टेशनपासून चालत समुद्र. दुपारी मात्र समुद्रावरून जोराचा वारा सुटतो, वाळू तोंडावर येते. त्याला तिथं लाडानं फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात तापलेल्या शहराला बरं करतो म्हणून. पोहायचं सकाळी.

आणि पर्थच्या बाजूनं माझा सगळ्यात भावनिक मुद्दा म्हणजे सूर्यास्त. आपण कोकण-गोव्याची माणसं. समुद्र म्हटलं की संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडणार, हे गृहीत असतं. सिडनी, गोल्ड कोस्ट, केर्न्स ही सगळी पूर्व किनारपट्टी. तिथं सूर्य समुद्रातून उगवतो आणि इमारतींच्या मागं मावळतो. सोनेरी फोटोसाठी पहाटे साडेचारला उठायची तयारी आहे? हनिमूनला? नसेल तर पर्थ.

पर्थहून एक दिवस रॉटनेस्ट आयलंड. फ्रीमँटलहून फेरीनं अर्धा तास. बेटावर खासगी गाड्या नाहीत, सायकल भाड्यानं घ्यायची आणि एकेक खाडी शोधत फिरायचं. तिथला क्वोका हा मांजराएवढा प्राणी कॅमेऱ्याकडे बघून हसल्यासारखा दिसतो. फोटो काढा, पण हात लावू नका, खायला घालू नका, दोन्हीला बंदी आहे. फेरीचं तिकीट स्वस्त नाही, तरी पर्थच्या सहलीतला मोठा खर्च तेवढाच.

सिडनीबद्दल थोडक्यात. दोन दिवसांसाठी उत्तम, नऊ दिवसांचा तळ म्हणून महाग. बाँडी ते कूजी हा सहा किलोमीटरचा समुद्राकाठचा रस्ता फुकट. मॅन्लीची फेरी शुक्रवार ते रविवार घ्या, त्या दिवसांत वाहतुकीच्या भाड्याला रोजची कमाल मर्यादा दहा डॉलरच्या आसपास असते. जर्व्हिस बेची पांढरी वाळू खरोखर तशी आहे, पण गाडीशिवाय तिथं जाणं म्हणजे बसची वाट बघणं.

आता पैसे. एक डॉलर साठ रुपये धरू. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या तारखा टाकून तपासा. दोघांची विमानाची तिकिटं एक लाख तीस हजार. व्हिसा दोघांचा मिळून चारशे डॉलरच्या आसपास, म्हणजे चोवीस हजार. आठ रात्री एकशे ऐंशी डॉलरनं, साधारण शहाऐंशी हजार. जेवणखाण रोज सत्तर डॉलर, नऊ दिवसांचे अडतीस हजार. स्थानिक प्रवास सात हजार. इन्शुरन्स आणि सिमकार्ड दहा हजार. आणि एक मोठा दिवस, रीफची बोट म्हणा किंवा जे काही तुम्हाला आयुष्यभर आठवेल ते, त्याला पाचशे डॉलर म्हणजे तीस हजार. झाले सव्वातीन लाख. उरलेले पंचवीस हजार हातात ठेवायचे, ते खरेदीसाठी नाहीत.

यात जेवणाचा आकडा बघून कुणी हसेल. तिथं साध्या हॉटेलात दोघांचं एक जेवणच साठ-सत्तर डॉलरला सहज जातं. म्हणून खोली घेताना स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट बघा. सुपरमार्केटमधून तांदूळ, अंडी, भाज्या, दही आणायचं. नळाचं पाणी पिण्याचंच असतं, बाटल्या विकत घेऊ नका. आणि एक गोष्ट मला फार आवडते. तिथल्या बऱ्याच किनाऱ्यांवरच्या बागांमध्ये सार्वजनिक विजेच्या शेगड्या असतात, फुकट! बटण दाबा, पनीर भाजा, मका भाजा, समोर समुद्र. वापरून झाल्यावर पुसून ठेवायची, एवढीच अट.

साडेतीन लाख ही रक्कम लहान नाही, हेही बोललं पाहिजे. बाली किंवा व्हिएतनाम याच्या निम्म्यात होतं. जुळत नसेल तर पर्सनल लोन काढून ऑस्ट्रेलिया करू नका. संसाराचा पहिला हप्ता हनिमूनचा असावा, असं कुणालाच वाटत नाही.

आता जो भाग ऐकताना फॉरवर्ड करायचा नाही, तो. पाणी.

ऑस्ट्रेलियातले बहुतेक प्रसिद्ध किनारे उघड्या महासागरावर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडवर, फॉरेस्ट केव्हज नावाच्या किनाऱ्यावर भारतीय कुटुंबातले चार जण बुडून गेले. तिथं जीवरक्षक नव्हते. दिसायला तो किनारा अतिशय सुंदर आहे.

होतं काय, की लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. याला रिप म्हणतात. फसवणूक अशी की त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. आजूबाजूला पांढरा फेस आणि मध्ये शांत, गडद पाणी. नवखा माणूस म्हणतो, इथं लाटा नाहीत, इथंच उतरू. गणपतीपुळ्याला पायाखालची वाळू सरकून ओढ लागलेली ज्यांना आठवते, त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

म्हणून लाल-पिवळे झेंडे. दोन झेंड्यांच्या मधला पट्टा जीवरक्षकांनी त्या दिवशी निवडलेला असतो आणि त्यावर त्यांचं लक्ष असतं. पोहायचं तिथंच, दहा पावलंही बाजूला नाही. झेंडे नसतील तर पाण्यात उतरायचं नाही, रिकामा किनारा कितीही रोमँटिक वाटला तरी. रात्री तर नाहीच. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, दमून जाल. तरंगत राहा, एक हात वर करा, मदतीची वाट बघा. आणि जोडीदार ओढला गेला तर मागोमाग उडी मारू नका. हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण आहे, म्हणून हॉटेलात बसूनच एकमेकांना सांगून ठेवा. ओरडा, जीवरक्षकाला बोलवा, तिथला आपत्कालीन नंबर तीन शून्य, म्हणजे ०००. फोनमध्ये बीचसेफ नावाचं ॲप घ्या. कोणत्या किनाऱ्यावर आज जीवरक्षक आहेत, ते त्यात दिसतं.

कपड्यांचं टेन्शन घेणाऱ्यांसाठी, तिथलं ऊन इतकं कडक असतं की अनेक लोक पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे शर्टच घालतात. तुम्ही वेगळे दिसणार नाही. अंगठी मात्र खोलीत काढून ठेवा. गार पाण्यात बोटं आक्रसतात आणि नवी अंगठी कधी निसटली ते कळतही नाही.

शेवटी कागदपत्रं, भराभर. भारतीय पासपोर्टला लागतो व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००. अर्ज ऑनलाइन, आणि नाकारला तरी फी परत मिळत नाही. त्यामुळे परत न मिळणारं तिकीट आणि हॉटेल व्हिसा हातात आल्यावरच. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर पासपोर्टवरचा बदल परत आल्यावर करा. व्हिसा पासपोर्टच्या नंबरला जोडलेला असतो आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच लागतं. पत्रिकेत नवं नाव छापलं असलं तरी चालतं.

आणि आईनं बॅगेत भरलेले लाडू. विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलेलं असतं. तिथं "हो" लिहा. लाडू, चकली, मसाला, लोणचं, काहीही असलं तरी "हो". सांगितलंत तर अधिकारी बघतात, चालणारं असेल ते परत देतात, नसेल ते टाकतात, दंड नाही. लपवलंत आणि सापडलं तर दंड इतका मोठा की आपण आत्ता मांडलेला "एक मोठा दिवस" तिथंच, विमानतळावर संपेल. पेढे, बर्फी असले दुधाचे पदार्थ घरीच ठेवा किंवा सिंगापूरला विमान बदलताना दोघांनी मिळून संपवून टाका.